पाठीला पाठ

मागच्या गुरुवारी संध्याकाळी दोह्यात, अल मुंतझातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात मी पैसे द्यायच्या रांगेत उभा होतो, आणि कुणाची तरी पाठ माझ्या पाठीला टेकली. धक्का म्हणावा असंसुद्धा काही नव्हतं. शेजारच्या रांगेतला माणूस मागे सरकला असेल, एवढंच. पण उंची बरोबर तेवढीच होती. खांद्याची हाडं जिथं लागायला हवीत तिथंच लागली. शर्टातून येणारी ऊबसुद्धा ओळखीची वाटली. माझ्या हातात दह्याचा किलोचा डबा होता. मी वळून पाहिलं नाही. अशा वेळी वळायचं नसतं, हे दहा वर्षांत माझ्या अंगात इतकं मुरलंय की डोक्याला विचारावं लागत नाही. आणि मग, डोक्याला न विचारताच, आठवलं की मी एकदा वळलो होतो. डबा हातातून सुटला. दही माझ्या बुटांवर, त्या माणसाच्या पँटवर, फरशीवर, सगळीकडे. मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला" करत घाई केली. फडकं घेऊन आलेल्या पोऱ्याला मी तीनदा सॉरी म्हटलं. मग पाहिलं, तर तो एक चष्मेवाला, अनोळखी, बहुधा श्रीलंकेचा गृहस्थ होता आणि हसत हसत स्वतःची पँट पुसत होता. घरी आल्यावर जयमालानं विचारलं, "दही?" मी म्हटलं, "विसरलो." बायकोशी खोटं बोलणं मला किती सहज जमतं, याचं त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

खरं म्हणजे त्या आठवड्यात मी चांगलाच फुगलेलो होतो. इलियासभाईंचा फोन येऊन गेला होता. रुवैसकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती संपल्यावर, वाळूत एक सर्किट आहे. दर हिवाळ्यात एका शनिवारी तिथं स्पोर्ट्स गाड्यांची बारा तासांची शर्यत होते. सकाळी सहाला सुरू, संध्याकाळी सहाला खलास. एकेका गाडीला तीन तीन ड्रायव्हर, आलटून पालटून. त्या शर्यतीत सगळ्यात जोरात पळणारा जिंकत नाही, बारा तास न मोडता पळणारा जिंकतो. ट्रॅकच्या कडेनं झेंडे घेऊन उभे राहणारे जे मार्शल असतात, ते सगळे आमच्यासारखे हौशी. कुणी बँकेत, कुणी इस्पितळात, कुणी शाळेत. इलियासभाई आमचे चीफ मार्शल, मूळचे हैदराबादचे, गेली तीस वर्षं इथे. "हेमचंद्रभाई," ते म्हणाले, "दसवाँ साल है. सोव्हेनिअर निकाल रहे हैं. रेस की हिस्टरी आप लिखो. पहले साल का आप के सिवा बचा कौन है?" आणि वर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. यंदा शर्यत संपताना चौकड्यांचा झेंडा मी हलवायचा. दहाही वर्षं एकदाही न चुकता आलेला मी एकटाच मार्शल आहे म्हणे. फोन ठेवल्यावर मी आरशात जाऊन पाहिलं. पोट थोडं आत घेतलं. सत्तेचाळीस वर्षांचा, बांधकाम कंपनीतला डॉक्युमेंट कंट्रोलर. आयुष्यात कधी कुणी मला शेवटचा झेंडा घेऊन उभं केलं नव्हतं, आणि सगळ्यांनी बघावं अशा ठिकाणी तर नाहीच.

डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणजे काय, हे मला नाशिकला गेलं की प्रत्येक लग्नात सांगावं लागतं. ड्रॉइंग बदललं की जुन्यावर रद्दचा लाल शिक्का मारायचा, नव्यावर पुढचा नंबर घालायचा, आणि साइटवर सगळ्यांच्या हातात नवंच आहे याची खात्री करायची. एक जरी जुना कागद खाली राहिला तर भिंत चुकीच्या जागी उभी राहते. कंटाळवाणं काम आहे आणि मला ते आवडतं. त्यामुळे शर्यतीचा इतिहास मी शिस्तीतच लिहायला घेतला. पहिलं वर्ष: अकरा गाड्या निघाल्या, पाच पोचल्या. आदल्या रात्री वारं सुटलं होतं आणि सकाळी ट्रॅकवर वाळूचे पट्टे होते. सर्किटचे लोक आणि आम्ही मार्शल मिळून पाच वाजता झाडू घेऊन वाकलो होतो. जिंकलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला खाली उतरता येईना, पाय आखडले होते. दोघांनी त्याला काखेत धरून काढला आणि तो रडत होता. दुसरं वर्ष: एकोणीस गाड्या. दुपारी एका गाडीचा दरवाजा नीट बसेना, तो चिकटपट्टीनं बांधून त्यांनी उरलेले चार तास काढले आणि तिसरे आले. हे सगळं मी भराभर लिहिलं. मग 'तिसरं वर्ष' असं लिहिलं, त्यापुढे दोन टिंबं दिली, आणि चहा करायला उठलो. चहा झाला. दोन टिंबं तशीच. मग मी सरळ चौथ्या वर्षावर गेलो.

तिसऱ्या वर्षी केरबा होता. म्हणजे पहिल्या दोन वर्षीही होता. केरबा अहमदपूरकडचा, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा, आमच्या साइटवर क्रेन चालवायचा. इंडस्ट्रियल एरियात कंपनीच्या खोलीत सहाजणांत राहायचा. सकाळी बसनं यायचा, संध्याकाळी बसनं जायचा. पहिल्या वर्षी मार्शल कमी पडत होते, आणि साइटवरचे कुणी येतील का असं इलियासभाईंनी विचारलं, म्हणून मी त्याला सहज विचारलं होतं. "गाड्या बघायच्या, साहेब? आन् जेवण बी देतेत?" तो म्हणाला. "मग काय, यायलो की." शुक्रवारी जादा काम करून तो शनिवार सोडवून घ्यायचा. तीनही वर्षं आम्ही दोघं सातव्या वळणावर एकाच चौकीत. चौकी म्हणजे कमरेएवढ्या भिंतीमागची चार पावलांची जागा. तिथं दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहतात. एकाचं तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. त्याच्या हातात निळा झेंडा, हळू गाडीला वाट सोडायला सांगणारा, आणि गळ्यात शिट्टी. तो मी. दुसऱ्याचं तोंड जाणाऱ्या गाड्यांकडे. त्याच्या हातात पिवळा झेंडा, पुढे कुणी घसरलं की मागच्यांना सावध करायला. तो केरबा. येणाऱ्या गाड्यांकडे त्याची पाठ असते आणि त्यानं वळून पाहायचं नसतं, काहीही झालं तरी. त्याची पाठ निळ्या झेंडेवाल्यानं सांभाळायची. काही अंगावर येताना दिसलं की शिट्टी, आणि शिट्टी झाली की दोघांनी भिंतीमागे खाली बसायचं. एवढाच नियम. केरबाला तो समजावून सांगावाच लागला नाही. क्रेनचं कामही शिट्टीवरच चालतं. वर केबिनमधून बोजा दिसत नाही; खाली उभा असलेला माणूस हातानं आणि शिट्टीनं सांगतो तसं उचलायचं, तसं थांबवायचं. "शिट्टी म्हणजे शिट्टी, साहेब," तो म्हणायचा. "तिच्यापुढं आपलं डोकं न्हाई चालवायचं."

आणि त्याचे कान! पहिल्या वर्षी दहा वाजेपर्यंत त्याला सगळ्या गाड्या पाठ झाल्या होत्या, आणि तेही न बघता. माझ्याकडे पाठ करून उभा, आणि माझ्या आधी सांगायचा, "पिवळी यायली. तिच्या मागं ती चपटी. चपटीचं कायतरी ढिलं झालंय, साहेब, खुळखुळायलीय." दोन फेऱ्यांनी ती चपटी गाडी खुळखुळत दुरुस्तीला आत गेली. मी थक्क. तो म्हणाला, "आईच्या पोटात आसल्यापासून इंजिनं ऐकायलोय मी. आमचं घरच पिठाच्या गिरणीम्होरं." सहाला शर्यत संपली की एक रिवाज असतो. सगळे मार्शल भिंत ओलांडून ट्रॅकच्या कडेला येतात आणि हातातले सगळे झेंडे एकदम हलवतात, निळे, पिवळे, पांढरे, असतील ते. बारा तास वाचलेल्या गाड्या हळूहळू शेवटची फेरी मारतात, आणि ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून आम्हाला हलवतात. पहिल्या वर्षी ते बघून केरबा भांबावून गेला. "आपल्याला करायलेत का हो सलाम?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आपल्यालाच. तो बसमध्ये बसेपर्यंत हसत होता. असे सलाम त्याच्या वाट्याला दोनच आले.

चौथं वर्ष लिहून झालं, पाचवं झालं, मधलं एक वर्ष महामारीत गेलं तेही झालं. आता नव्या गाड्या आल्या आहेत, आत येताना त्या जवळजवळ आवाजच करत नाहीत. केरबाला आवडल्या नसत्या. हे वाक्य मी लिहिलं आणि खोडलं. शुक्रवारी सकाळी ईशा माझ्याशेजारी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. सोळा वर्षांची आहे, आमचं मराठी ऐकते आणि इंग्रजीत बोलते. सोव्हेनिअरमध्ये एक कोड छापायचा आणि तो फोननं टिपला की जुने व्हिडिओ दिसायचे, ही तिचीच कल्पना. म्हणून ती माझे जुने फोटो उपसत होती. "बाबा, द ग्रीन कार! यू टुक धिस फॉर मी, राइट?" ती म्हणाली. हो, तिच्याचसाठी. तिसऱ्या वर्षी ती आठ वर्षांची होती आणि तिला हिरव्या गाडीचं वेड लागलं होतं. सकाळी निघताना दारात उभी राहून तिनं दोनदा बजावलं होतं, ग्रीन वन, बाबा, द ग्रीन वन. चौकीत फोन काढायला बंदी असते. मी काढला. "बट धिस इज ट्रिम्ड," ईशा म्हणाली. "ओन्ली फोर सेकंड्स. बॅकअपमध्ये लाँगर वन आहे." मराठीतले 'मध्ये' आणि 'आहे' तिच्या तोंडून आपसूक निघाले. मी 'थांब' म्हणेपर्यंत तिनं तो लावला.

अकरा सेकंदांचा आहे. तो कापून चार सेकंदांचा मीच केला होता, आणि पूर्ण असलेला मी कधीही आवाजासकट लावला नव्हता. आधी वाऱ्याची घरघर. मग केरबाचा आवाज, अगदी जवळून, कारण त्याची पाठ मला टेकलेली: "हिरवी यायली, साहेब." मला आठवतंय, त्याच्या कानांवर माझा इतका भरवसा बसला होता की मी येणाऱ्या गाड्यांकडे पाहणंच सोडून दिलं होतं. हिरवी येते असं तो म्हणाला म्हणजे हिरवीच. ती समोरून गेली की मागून तिचा चांगला व्हिडिओ मिळेल, असं मी ठरवलं. मी वळलो. त्याच्या नजरेत न येता, त्याच्या खांद्यामागे बाजूला सरकून, तो ज्या बाजूला बघत होता त्याच बाजूला तोंड करून, फोन उंच धरून. पडद्यावर हिरवी गाडी सणसणत जाते. चार सेकंद झाले. तिथं मी कापलं होतं. त्यापुढे रिकामा ट्रॅक आहे आणि पुन्हा केरबा: "साहेब, मागं कायतरी मोडलं." घाबरलेला नाही. नुसता सांगतोय, खुळखुळ सांगायचा तसा. तो वळत नाही. वळायचं नसतं. मग एक श्वास जाईल एवढी शांतता आहे, ती मी कधीच ऐकली नव्हती. मग तो म्हणतो, "साहेब?" मग आवाज, आणि चित्र आकाशाकडे जातं.

मागून येणाऱ्या एका गाडीचं चाक निखळलं होतं. ते उसळ्या घेत भिंतीवरून आत आलं. मी दीड पाऊल बाजूला होतो, मला वाराही लागला नाही. केरबाच्या मांडीत ते बसलं. "हूज दॅट अंकल?" ईशानं विचारलं. तिनं पुन्हा ते थोडं मागे नेलं, मी नको म्हणेपर्यंत. "बाबा, ही हर्ड इट. बिफोर एनीवन. आणि तू..." ती थांबली. माझी मुलगी हुशार आहे. त्या क्षणी ती जरा कमी हुशार असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

आता जे सांगायचं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. केरबाला इस्पितळात नेलं तेव्हा त्याला चार तास शुद्ध नव्हती. शर्यत चालूच राहिली. तशी ती चालूच राहते. संध्याकाळी सहाला, बाहेर झेंडे हलत असताना, मी मार्शलांच्या तंबूत बसून अपघाताचा फॉर्म भरत होतो. छापील फॉर्म. वेळ, चौकी, गाडीचा नंबर, वाऱ्याची दिशा. मग एक ओळ: शिट्टी दिली का? हो, नाही, अशा दोन चौकटी. 'नाही'च्या खाली तीन रेघा होत्या: कारण लिहा. 'हो'च्या खाली काहीच नव्हतं. वीस वर्षं मी फॉर्म भरतो आणि भरून घेतो. जिथं खाली लिहावं लागत नाही तिथं खूण करायची, कागद पुढे सरकतो, ही सवय हाताला लागलेली असते. माझ्या हातानं 'हो'वर खूण केली. मी सवयीवर ढकलतोय असं वाटेल, तर तसं नाही. खूण केल्यावर मी पेन उचललं आणि ती चौकट बघत बसलो, निदान एक मिनिट. खोडायला पुरेसा वेळ होता. त्या तीन रेघांवर काय लिहायचं, हे मला माहीत होतं: मुलीसाठी हिरव्या गाडीचा व्हिडिओ काढत होतो. ते वाचायला कसं दिसेल, तेही माहीत होतं. मी सही केली.

पुढचं सगळं त्या खुणेनं केलं. शिट्टी दिली आणि दोन नंबरचा मार्शल खाली बसला नाही, म्हणजे त्याला शिट्टी ऐकू आली नाही. कमिटीनं तसं लिहून त्याच्या कंपनीला कळवलं. वाईट हेतूनं नाही, काळजीनं. आणि ज्याला शिट्टी ऐकू येत नाही त्या माणसाला क्रेनवर कोण बसवेल? कंपनीनं त्याच्या कानांची तपासणी केली. पंचवीस वर्षं इंजिनांत काढलेल्या माणसाचे कान कागदावर जितके उणे दिसतात, तितके ते दिसले. एरवी कुणी त्याकडे पाहिलंही नसतं. इस्पितळात मी त्याला तो फॉर्म मराठीत वाचून दाखवला होता, हे मला सगळ्यात जास्त छळतं. आम्हाला दोघांनाही सही करावी लागते. मी वाचलं, 'शिट्टी दिली: हो.' तो पाय टांगलेल्या अवस्थेत ऐकत होता. त्यानं विचारलं, "दिली व्हती का, साहेब?" माझ्याकडे बघून नाही, छताकडे बघून. मी म्हटलं, "दिली होती." तो छताकडेच बघत राहिला. आपलंच काहीतरी हरवलंय आणि ते कुठं पडलं असेल, हे आठवावं तसा. मग म्हणाला, "मग मलाच न्हाई आली. तुमी कशाला खोटं सांगताव." आणि सही केली. दोन महिन्यांनी तो कायमचा गावी गेला. विमानतळावर मी गेलो नाही, मीटिंग होती. मीटिंग खरंच होती, एवढंच.

त्यानंतर चारपाचदा फोनवर बोलणं झालं असेल. शेवटचं दोन वर्षांपूर्वी, दिवाळीत. गावाकडे कुणीतरी जेसीबी घेतला होता आणि ड्रायव्हर म्हणून केरबाला बोलावत होता. "न्हाई म्हणलो," त्यानं सांगितलं. "शिट्टी न्हाई ऐकायला आली तर कुणाच्या लेकराच्या अंगावर घालू का? त्यापेक्षा गिरणी बरी. गिरणीत काय ऐकायचं आसतंय?" मी हसलो होतो. त्या फोनवर तो दर वाक्याला "काय? काय म्हणलाव?" करत होता. लाइन खराब आहे असं समजून मी वैतागलो आणि लवकर ठेवला.

शुक्रवारी दुपारी मी लिहिलं. 'तिसरं वर्ष' आणि दोन टिंबं यांच्यापुढे. सत्तावीस गाड्या निघाल्या, चौदा पोचल्या. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सातव्या वळणावर दोन नंबरचे मार्शल केरबा जखमी झाले. शिट्टी वाजली नव्हती. निळ्या झेंड्याचा मार्शल, म्हणजे मी, पाठ फिरवून व्हिडिओ काढत होतो. केरबांनी मोडल्याचा आवाज माझ्याआधी ऐकला, मला सांगितला आणि नियमाप्रमाणे शिट्टीची वाट पाहिली. अपघाताच्या फॉर्मवर मी खोटी खूण केली. ते इंग्रजीत केलं, व्हिडिओ जोडला आणि इलियासभाईंना पाठवून दिलं. वीस मिनिटांत त्यांचा फोन. "ये क्या लिख दिया, भाई? आठ साल पुरानी बात. सोव्हेनिअर है, कोर्ट थोडी है." मी म्हटलं, "सच है, इलियासभाई." ते थकल्या आवाजात म्हणाले, "सच है तो मेरे को कमिटी में देना पडेगा. फिर झंडा भूल जाओ. लायसन्स भी जाएगा. अभी भी बोलो तो मैं देखा ही नहीं." मी म्हटलं, "दे दीजिए." भला माणूस आहे, ठेवताना "शुक्रन" म्हणाला, आभार कशाबद्दल कोण जाणे.

मला एकदम हलकं वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन मी उभ्या उभ्या दोन पोळ्या खाल्ल्या आणि जयमालाला सगळं सांगितलं, दह्यापासून. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला नाही. मी म्हटलं, "झेंडा गेला तर गेला. दहा वर्षांचं काय ते लोणचं घालायचंय?" आणि ऐटीत पाणी प्यायलो. तिनं विचारलं, "केरबा काय म्हणाला?" मी म्हटलं, "केरबा?" आता तिचा हात थांबला. "म्हणजे तू इलियासभाईंना सांगितलंस," ती म्हणाली. "लिहून. इंग्रजीत. त्यांचे कान गेले होते का, हेमचंद्र?" माझं सगळं हलकेपण गेलं. आठ वर्षांनी मी पुन्हा एक फॉर्मच भरला होता. चुकीची भिंत उभी होती अहमदपूरला, आणि मी नवा कागद दोह्यातल्या दोह्यात वाटून मोकळा झालो होतो.

हॉलमध्ये येऊन मी फोन लावला. आमच्याकडे चार वाजले होते, तिकडे साडेसहा. मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती: हळू, सावकाश, समजूत घालत बोलायचं, जमलं तर गॅलरीत जाऊन, दार लोटून. फोन त्याच्या बायकोनं, विठाबाईंनी घेतला. "कोन? दोह्याचे साहेब का?" त्यांचा आवाज एकदम उजळला. मग म्हणाल्या, "देते, देते. पर जरा वरडून बोला हां. त्यायला ऐकायला येत न्हाई आताशा. समदे बहिरेबुवाच म्हणतेत." आणि मला काही बोलायच्या आत लांबवर त्या ओरडल्या, "आवं, दोह्याचे साहेब! साहेब!" गिरणी बंद असावी. पलीकडे कोंबड्या आणि कुणाचंतरी खोकणं ऐकू येत होतं. मग केरबा. "हां, साहेब. बोला. मोठ्यानं बोला."

मी हळूच म्हटलं, "केरबा, एक सांगायचंय." "काय?" मी पुन्हा म्हटलं. "काय म्हणलाव?" दारात ईशा येऊन उभी राहिली होती, तिच्या मागे जयमाला, हातात मेथीची जुडी. गॅलरीचं दार उघडं होतं, खाली गाड्या धुणारे दोघेजण वर बघत होते. जे मी आठ वर्षं स्वतःशीसुद्धा पुटपुटलो नव्हतो, ते मला बायकोमुलीसमोर, भर दुपारी, ओरडून म्हणावं लागणार होतं. मी ओरडलो. "केरबा, मी शिट्टी वाजवली नव्हती! त्या दिवशी! मी वाजवलीच नव्हती!" माझा आवाज फाटला. "मी व्हिडिओ काढत होतो! तुझे कान चांगले होते! तू ऐकलं होतंस, काहीतरी मोडलं म्हणून तूच सांगितलंस मला! मी खोटं बोललो, केरबा! शिट्टी नव्हती!"

पलीकडे कोंबड्यासुद्धा गप्प झाल्यासारख्या वाटल्या. मी फोन कानाशी इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. माझी पाठ हॉलच्या भिंतीला लागली होती आणि भिंत थंड होती. खूप वेळानं त्याचा श्वास आला, मग आवाज. तो ओरडत नव्हता, "काय" म्हणत नव्हता. चौकीत पाठीला पाठ लावून बोलायचा तितक्याच हळू बोलला.

"वरडू नका, साहेब," केरबा म्हणाला. "ऐकायला यायलंय मला."